मेमसाहेबाच्या बाहीतली सावरी

धुळ्याच्या दादासाहेबांनी मला फसवलं. मी बनवलेली वस्तू त्यांनी इंग्रजी अमदानीतली म्हणून काचेच्या कपाटात ठेवली आणि पुण्याच्या एका अभ्यासक बाईंनी तसंच पुस्तिकेत छापलं. कोणी काय केलं ते आधीच सांगून टाकते. आता कसं केलं ते सांगते.

मला हे कळलं मुंबईच्या एका डिझायनरच्या फोनवरून. एका ऐतिहासिक मालिकेत इंग्रज बायकांचे झगे लागणार होते आणि ते सगळं काम माझ्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या वर्कशॉपकडे येणार होतं. बोलणी होत आली होती. तिने जुन्या कामाचे फोटो मागितले, मी पाठवले. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"ताई, त्या बाहीच्या उशा तुम्ही बनवल्यात?"

"मग कोणी?"

"नाही, म्हणजे मी त्या पाहिल्यात. धुळ्याच्या एका खासगी संग्रहालयात. त्या ओरिजिनल आहेत ना?"

"ओरिजिनल कसल्या? माझ्या पोरींनी शिवल्यात."

ती म्हणाली, "हे बघा, रेफरन्स म्हणून फोटो पाठवले असते तर चाललं असतं. पण दुसऱ्याची अँटिक वस्तू आपली म्हणून दाखवायची म्हणजे फार झालं, ताई."

मी पुढे काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला. मी धुळ्यात एका दुकानाच्या पायरीवर पिको-फॉलच्या मशीनपासून सुरुवात केली. मग गॅदरिंगचे वाघ, परी आणि मावळे भाड्याने दिले. मग नाटकवाल्यांचे अंगरखे शिवले. या सगळ्यात मला महागडी म्हणाले, भांडकुदळ म्हणाले. भांडकुदळ मी आहे. खोटारडी मात्र कोणी म्हटलं नव्हतं.

आता बाहीची उशी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आपण पोलक्याला फुग्याची बाही शिवतो. चुण्या घातल्या, खाली पट्टी लावली की फुगा उभा राहतो, कारण तो असतो लिंबाएवढा. इंग्रजांची सत्ता खान्देशात नवी होती त्या काळात त्यांच्या बायकांच्या झग्याची बाही वर कलिंगडाएवढी असे आणि मनगटाला चिकटलेली. एवढं कापड नुसत्या चुण्यांवर उभं राहत नाही. ते आतून एका वेगळ्या कपड्याने धरलेलं असे. दंडावर चढवायची फुगीर नळी, मधून हात जाईल अशी, आत पक्ष्याची मऊ पिसं भरलेली, आणि वर फिती. त्या फिती आतल्या चोळीच्या खांद्याला बांधायच्या. झगा तिच्यावरून घालायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार बाहीच अशी आहे.

दादासाहेबांकडे असा एक झगा आहे. तो खरा आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी पेटीसकट घेतला. धुळ्याच्या देवपुरात त्यांचा बंगला आहे, खालचा मजला त्यांनी संग्रहालय केलाय. तलवारी, पानदानं, ग्रामोफोन, आणि मधोमध हा झगा. त्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा बाह्या पुतळ्याच्या अंगावर भिजलेल्या पोत्यासारख्या लोंबत होत्या. एका बाहीत हात घातला तर आत चुरगळलेलं वर्तमानपत्र.

"दादासाहेब, हे काय?"

"काहीतरी भरावं लागलं ना, ताई. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

रेशीम इतकं जुनं झालं होतं की घडीवर फाटत होतं. म्हणजे आत जे घालायचं ते हलकं हवं, टोचायला नको, आणि आकार धरायला हवा. मी मापं घेतली आणि आधी झग्याचीच एक नक्कल मांजरपाटात शिवली, प्रयोगासाठी. मूळ कपड्यावर प्रयोग करायचा नसतो, एवढं मला कोणी शिकवावं लागलं नाही.

पहिल्यांदा कॅनकॅनची जाळी भरली, लग्नाच्या घागऱ्याखाली असते ती. बाही फुगली, पण टोकं बाहेर आली, साळिंदरासारखी. मग स्पंज कापून घातला. आकार आला, पण तो कपाळावर आलेल्या टेंगळासारखा, खाली उतार नाही. शिवाय स्पंज दोन उन्हाळ्यांत पिवळा पडून भुगा होतो आणि तो भुगा रेशमाला चिकटला असता. गाद्यांच्या दुकानातला रेक्रॉन, म्हणजे कृत्रिम कापूस, भरला तर बाही जड होऊन खांदा ओढायला लागली. पिसंच हवी होती.

पिसं कुठून आणायची? मिळाली ती कोंबडीची, दांडीची, वास येणारी. तरी मी ती धुऊन, वाळवून टेबलावर ठेवली. आमच्या अक्का आल्या, बघितलं, आणि पिशवी उचलून घरी निघाल्या.

अक्का माझ्याकडे सगळ्यांत जुन्या. शिंदखेड्याकडच्या, हातशिवणीत त्यांना तोड नाही, जन्मभर गोधड्या शिवल्यात. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली की मांसमच्छी सोडायची, ते सगळ्यांना माहीत असतं. पण अक्कांची माळ पिसापर्यंत जाते, हे मला तेव्हा कळलं.

"अक्का, खायला नाही सांगत. नुसतं भरायचंय."

"हात तोच शे ना माय? त्याच हातनी घर जाईसन भाकर थापसू."

अक्का उठल्या म्हणून बाकीच्याही उठल्या. मी ओरडले, नंतर हात जोडले, कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी अक्काच म्हणाल्या, सावरी भर. सावरीचा कापूस म्हणजे सातपुड्यात काटेसावरीची झाडं असतात, त्यांच्या बोंडातला. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशीत भरतात. हातात घेतला तर घेतल्यासारखा वाटत नाही. दाबला की परत वर येतो. खोट एकच, काही दिवसांनी एका कोपऱ्यात गोळा होतो. त्यावर मी आत मलमलीचे उभे कप्पे पाडले आणि अक्कांनी गोधडीच्या धावदोऱ्याने ते बांधून टाकले, बाहेरून दिसणार नाही असे.

हे काम आम्ही ऐन मे महिन्यात केलं, पंखे बंद करून. पंखा लावला की सावरी छतापर्यंत उडते. जळगावचा मे आणि बंद पंखा, तोंडाला ओला फडका, भुवयांवर कापूस. पोरी एकमेकींना म्हाताऱ्या म्हणून चिडवत होत्या.

सॅम्पल घेऊन मी धुळ्याला गेले. दादासाहेबांसमोर पुतळ्याच्या दंडाला उशा बांधल्या, वरून झगा चढवला. बाह्या अशा उभ्या राहिल्या की पुतळ्याला मान आल्यासारखी वाटली. दादासाहेब दोनदा पुतळ्याभोवती फिरले.

मी म्हटलं, "एक गोष्ट आधीच सांगते. आत पिसं नाहीत, सावरी आहे. माझ्या बायका माळकरी आहेत."

"चालेल हो. कोण उघडून बघतंय?"

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

मग घासाघीस सुरू झाली. त्यात मी कोणाला ऐकत नाही, पण ते भाव पाडायला बसले तेव्हा मी एका अटीवर खाली आले. उशीच्या आत, फितीजवळ, माझी पट्टी राहणार. त्यावर वर्कशॉपचं नाव, पिंप्राळा, आणि बनवल्याचं साल. आणि कपाटातल्या कार्डावर लिहायचं की या उशा नव्याने बनवल्या आहेत. पैसे येतात-जातात. नाव दिसलं तर चार कामं येतात, हा माझा हिशोब होता.

दादासाहेबांनी हात पुढे केला. "ताई, पट्टी काय, तुमचं नाव काचेवर लिहितो." मी तिथेच पट्टी शिवून जोडी त्यांना दाखवली आणि ठेवून आले.

हा माणूस मेसेज करत नाही. जे बोलायचं ते समोर किंवा फोनवर. मला तेव्हा ते जुन्या वळणाचं वाटलं होतं; लेखी काहीच मागे राहत नाही, हे नंतर लक्षात आलं.

डिझायनरचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धुळ्याची बस धरली. तिकीट काढून सरळ आत, कपाटासमोर. कार्डावर लिहिलं होतं: 'युरोपीय स्त्रीचा झगा व बाहीच्या मूळ उशा, एकाच पेटीत सापडलेल्या.' एका बाहीतली उशी काढून झग्याशेजारी मांडलेली होती, फितीची बाजू वर करून. पट्टी नव्हती. पट्टीच्या जागी टाक्यांची भोकं होती, स्वच्छ, एका ओळीत. कोणीतरी कात्रीच्या टोकाने निवांत उसवली होती.

दारापाशी पुस्तिका विकायला ठेवली होती. त्यात त्या अभ्यासक बाईंचा लेख. मी तिथेच उभी राहून वाचला. खान्देशात राहणाऱ्या इंग्रज स्त्रियांनी पिसांऐवजी इथल्या सावरीचा कापूस वापरायला सुरुवात केली होती, असा महत्त्वाचा पुरावा या उशांमुळे प्रथमच हाती आला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. उष्ण हवामानाशी त्या स्त्रियांनी केलेली तडजोड, असंही होतं.

तडजोड अक्कांच्या माळेशी झाली होती. ती मी केली होती, मे महिन्यात, पंखा बंद करून.

दादासाहेब वरच्या मजल्यावरून खाली आले. चहा सांगू का म्हणाले.

"चहा नको. पट्टी कुठे आहे?"

"कसली पट्टी?"

"दादासाहेब, मी तुमच्यासमोर शिवलेली दाखवली होती."

"अहो ताई, वस्तू मी घेतली. आता ती माझी."

"वस्तू तुमची. तिचं वय तुमचं नाही. ते तुम्ही का वाढवलंत?"

मी फोनमधले कामाचे फोटो त्यांच्यापुढे धरले. कापलेली मलमल, कप्पे, कापसाने माखलेल्या पोरी. त्यांनी चष्मा लावून सावकाश बघितले.

"छान. पण ही तुमची जोडी असेल. आमची बघून तुम्ही दुसरी बनवली असेल. नक्कल करायला माझी हरकत नाही."

हरकत नाही म्हणे. माझ्या तोंडून पुढे जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाळेची सहल आली होती, त्यांच्या शिक्षिकेने मुलांना दुसऱ्या दालनात नेलं.

परत आले तेव्हा सगळ्या काम थांबवून बसल्या होत्या. मी झालं ते सांगितलं. अक्का सुई कापडात टोचून ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "माय, त्यामा मी जवारीना दाना टाकेल शेतस."

"कशात?"

"दोन्ही उशीमा. तुले सांगं नही, तू राग करशी."

अक्कांच्या घरी गोधडीचा शेवटचा टाका घालण्याआधी आत दोन-चार दाणे धान्य टाकतात. गोधडी उपाशी ठेवायची नाही, उपाशी गोधडी ऊब देत नाही. क्लायंटच्या वस्तूत न विचारता काही टाकलं म्हणून एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी अक्कांसाठी समोरून जिलेबी मागवली.

पुस्तिकेत अभ्यासक बाईंचा नंबर होता. मी फोन केला. माणूस सभ्य वाटला. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी व्याख्यानाला धुळ्यात येतेच आहे. तुम्ही या. एक शिवण उसवून बघता येईल." मला वाटलं, काम झालं.

ठरल्या दिवशी मी अक्कांना घेऊन गेले. दादासाहेबांना उशी उघडायची नव्हती. ऐतिहासिक वस्तूला सुई लावायची म्हणजे काय, वगैरे बोलले. पण बाईंसमोर त्यांना नाही म्हणता येईना. टेबलावर पांढरं कापड अंथरलं, पंखा बंद केला. अक्कांनी चष्मा लावला, कुठेही न शोधता खालच्या कडेला बोट ठेवलं आणि टाके काढले. कापूस बाजूला केला. ज्वारीचे दाणे कापडावर पडले.

बाईंनी एक दाणा उचलून उजेडात धरला. पांढरा, टपोरा, कीड नाही.

मी म्हटलं, "आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली ज्वारी आहे. आजही आणून दाखवते."

दादासाहेब एवढ्यात हरणारे नव्हते. "असतील. त्याचं काय आहे, बाई, या उशा मी मध्यंतरी दुरुस्तीला यांच्याकडे दिल्या होत्या. फाटल्या होत्या ना. तेव्हा टाकले असतील."

"दुरुस्तीला?" मी विचारलं.

"हो. तुम्हीच तर उघडून परत भरल्या."

माझा पारा चढलेला होता, पण बाजारात इतकी वर्षं काढल्यावर समोरच्याचा पाय घसरला की कळतं. मी आवाज खाली आणला.

"म्हणजे मी भरल्या. हे तुम्ही बाईंसमोर म्हणताय."

"हो, भरल्या. म्हणून काय बनवल्या असं होत नाही."

"मग आतली सावरी माझी?"

मी बाईंकडे वळले. "बाई, यांचं म्हणणं खरं धरू. उशा जुन्या, भरण माझं. मग तुमच्या लेखातल्या मेमसाहेबांनी सावरी कधी वापरली? आणि यांचं म्हणणं खोटं असेल, तर उशाही माझ्या. दोन्हीकडून तुमचा लेख चुकीचा होतो. कोणत्या बाजूने चुकीचा हवा तेवढं सांगा."

बाईंनी दाणा परत कापडावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांना कळलंय. पूर्ण कळलंय. मी वाट बघत होते की आता त्या दादासाहेबांना काहीतरी विचारतील.

त्या म्हणाल्या, "दोन्ही शक्यता तपासाव्या लागतील."

"शक्यता? बाई, मी इथे उभी आहे. जिने शिवलं ती माझ्याशेजारी बसलीय. तिला विचारा."

"तुमच्या भावना मी समजू शकते. पण पुस्तिका छापून झाली आहे, आणि परिषदेत मी हा विषय मांडलाय. घाईत काही म्हणणं बरोबर नाही. पुढच्या आवृत्तीत बघू."

अक्कांना एवढी शुद्ध भाषा कळते. त्यांनी उशी पुढे ओढली, सुईत दोरा ओवला. मी म्हटलं, राहू द्या, यांची आहे ना, यांनाच शिवू द्या. अक्का म्हणाल्या, "उघडी कशी ठेवू?" आणि दाणे परत आत टाकून त्यांनी शिवण बंद केली. मी त्या दोघांकडे बघत उभी राहिले. एकानेही डोळा वर केला नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. मी नंतर ओळखीच्या एकीला मुद्दाम तिकीट काढून आत पाठवलं. कार्ड बदललं आहे. आता त्यावर असं आहे: 'बाहीच्या मूळ उशा, स्थानिक कारागिराकडून दुरुस्त.' कारागिराला नाव नाही, गाव नाही. पुस्तिका दारापाशी तशीच विकायला आहे, सावरीच्या महत्त्वाच्या पुराव्यासकट. मालिकेचं काम दुसऱ्या वर्कशॉपला गेलं. डिझायनरला मी सगळं कळवलं, तिने उत्तरात जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरींना मी एक सांगते. पट्टी शिवू नका, पट्टी कात्रीच्या टोकाने निघते. मी आता नाव आतल्या धावदोऱ्यातच घालून घेते. ते टाके काढले तर कापूस गळतो, कापूस गळला की आकार जातो. ज्याला माझं नाव नको असेल त्याला माझी बाहीही मिळणार नाही.

दादासाहेबांकडून मी कशाची अपेक्षा करत नाही. जुनी वस्तू म्हटली की बघायला माणसं येतात, नवी म्हटली की येत नाहीत. त्यात त्यांचा फायदा आहे आणि तो त्यांनी घेतला.

पण अभ्यासक बाई, तुम्हाला मी या लेखातून उघड विचारते. तुमचा यात काय फायदा होता? पहिल्यांदा तुम्ही फसलात, ते मी समजू शकते, वस्तूच तशी बनली होती. पण त्या दुपारी टेबलापाशी तुम्हाला कळलं होतं. तुमचं वाचून उद्या कोणी मुलगी अभ्यास करील आणि लिहील की खान्देशात मेमसाहेबा सावरीच्या बाह्या घालत. ती मुलगी खोटं बोलत नसेल. तिच्या वहीत ते खोटं तुम्ही घातलेलं असेल, माहीत असताना. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. तोवर त्या दारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तिकेचं काय? उत्तर तुम्ही द्यायचं आहे, आणि मला ते लेखी, तुमच्या नावानिशी हवंय.